आपल्याच सरकारला ‘नाही’ म्हणणारा खासदार

अमेरिकेतला परंपरावादी सिनेटर म्हटला की ओहायोचे रॉबर्ट टाफ्ट आठवतात. राष्ट्राध्यक्षाचे चिरंजीव, 1939 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत सिनेटमध्ये. लोक त्यांना ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत. कामगार संघटनांच्या मुसक्या आवळणारा 1947 चा टाफ्ट-हार्टली कायदा त्यांच्याच नावाचा. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला, तो मोडून काढून काँग्रेसने कायदा केला.

आमच्या विदर्भात नेमकं उलट घडलं. इथल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रचारकानेच कामगार संघटना काढली आणि ती देशात पहिल्या क्रमांकावर नेली.

दत्तोपंत ठेंगडी. जन्म 10 नोव्हेंबर 1920, वर्धा जिल्ह्यातलं आर्वी. वडील वकील, स्वतःही कायदा शिकलेले. वकिली थाटली असती तर नागपुरात बंगला झाला असता. ते 1942 साली प्रचारक म्हणून केरळात निघून गेले, पुढे बंगालमध्ये. परत आल्यावर सरसंघचालक गोळवलकर गुरुजींच्या सांगण्यावरून काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेत शिरले आणि युनियनचं काम तिथे शिकले. ज्यांच्याशी राजकीय वैर, त्यांच्याकडून कसब शिकायला या माणसाला कमीपणा वाटला नाही. मग 23 जुलै 1955 रोजी, टिळकांच्या जयंतीला, भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघ सुरू केला. सरकारी पडताळणीत 1989 च्या सदस्यसंख्येवर हा संघ सर्वांत मोठा ठरला.

1964 ते 1976 अशी बारा वर्षं ते राज्यसभेत होते. माणूस विदर्भाचा, पण जनसंघाने निवडून पाठवला उत्तर प्रदेशातून. 1974 च्या रेल्वे संपात त्यांच्या संघटनेचे रेल्वे कामगार समाजवाद्यांच्या आणि कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले. आणीबाणीत नानाजी देशमुख आणि रवींद्र वर्मा पकडले गेल्यावर आणीबाणीविरोधी लोक संघर्ष समितीचं काम त्यांनी भूमिगत राहून सांभाळलं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. मालक आणि मजूर मिळून एक औद्योगिक परिवार, हा त्यांचा सिद्धांत. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यातल्या कंत्राटी मुलाला जाऊन विचारा. गेटपास एकाचा, पगार दुसऱ्याचा, आणि अपघात झाला की दोघेही हात वर करतात. असल्या परिवारात घरधनी कोण, हेच त्याला कळत नाही. वर्गसंघर्ष नको म्हणून संघर्ष थांबत नसतो. दत्तोपंतांच्या विचारात ही फट होती आणि ती आजही बुजलेली नाही.

पण ज्यासाठी त्यांना मानायचं ते पुढे आहे.

फेब्रुवारी 2001. केंद्रात वाजपेयींचं सरकार, म्हणजे दत्तोपंतांच्या आयुष्यभराच्या सहकाऱ्यांचं. अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी अर्थसंकल्पात प्रस्ताव मांडला. तोवर 100 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायला किंवा टाळं लावायला सरकारची परवानगी लागे. ती मर्यादा थेट 1000 वर न्यायची होती. म्हणजे हजाराच्या खालच्या प्रत्येक कारखान्यात मालकाला रान मोकळं. ऐंशीच्या घरातले दत्तोपंत गप्प बसले नाहीत. एप्रिलमध्ये भारतीय मजदूर संघाने दिल्लीच्या रामलीला मैदानावर प्रचंड मेळावा भरवला आणि दत्तोपंतांनी आपल्याच सरकारच्या आर्थिक धोरणावर तिथून सडकून टीका केली. तो 1000 चा आकडा कायद्यात कधीच आला नाही.

2003 साली त्याच सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केलं. त्यांनी ते नाकारलं. संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार आणि गोळवलकर गुरुजींना भारतरत्न मिळत नाही तोवर आपण सन्मान घेणार नाही, असं कळवलं. कारण पटो न पटो, सरकारवर टीका करायची आणि सरकारचं पदकही छातीवर मिरवायचं, हा व्यवहार त्यांनी केला नाही.

आता सप्टेंबर 2020 कडे या. दत्तोपंतांचं जन्मशताब्दी वर्ष संपायला दोन महिनेही उरले नव्हते. ज्या राज्यसभेत ते बारा वर्षं बसले, तिथे 23 सप्टेंबरला तीन कामगार संहिता एकाच दिवशी आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. विरोधकांनी बहिष्कार टाकलेला, त्यांचे बाक रिकामे. कपातीच्या परवानगीची मर्यादा 100 वरून 300 झाली. संपाआधी 14 दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांना लागू झाली. भारतीय मजदूर संघाने बाहेर आक्षेप जाहीरपणे नोंदवले, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण सभागृहात सत्ताधारी बाकांनी हात धुवून घेतले. विरोधक नव्हते तेव्हा कामगाराची बाजू मांडायची जबाबदारी सत्ताधाऱ्यांवर दुप्पट होती. ती कुणी उचलली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून या संहिता लागू झाल्या आहेत.

स्वतःला दत्तोपंतांचे वारस म्हणवणाऱ्यांना माझा थेट सवाल आहे. त्यांच्या तसबिरीला हार घालायला तुम्ही नेमाने येता. त्यांनी 2001 साली जे केलं ते करायची हिंमत तुमच्यातल्या किती जणांत आहे? विरोधी पक्षाच्या सरकारवर तुटून पडणं सोपं. ज्यांच्याबरोबर पंगतीला बसलो, त्यांना भर मैदानात ‘हे चूक आहे’ सांगायला वेगळी छाती लागते.

हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या कामगारांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचा कारखाना 300 च्या आतला आहे. पुढच्या निवडणुकीत जो दारात येईल, मग तो कुठल्याही झेंड्याचा असो, त्याला एकच विचारा: माझ्या कारखान्याला उद्या टाळं लागलं, तर तू तुझ्याच सरकारच्या विरोधात उभा राहशील का? उत्तर मिळेपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.