फुसक्या बाराची मजा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर तेरखेडा आहे. गाव फटाक्यांचं. आपल्याकडच्या कित्येक दिवाळ्या आणि वराती इथल्या दारूकामावर वाजल्या आहेत. फटाक्याकडे बघण्याच्या दोन रीती असतात. पोराला तो वाजायला हवा असतो, आत्ता, आणि जमलं तर कुणाच्या तरी पाठीमागे. बनवणाऱ्याचं वर्षभर एकच मागणं असतं, की वाजू नये, निदान आपल्या हातात तरी. (या मागण्यात विनोद काही नाही.) व्हिडिओ गेमचंही असंच आहे. वय वाढलं, नोकरी लागली, लग्न झालं की माणूस गेम सोडतो, हे खोटं. तो फक्त पोराच्या बाजूने उठून कारागिराच्या बाजूला जाऊन बसतो. आता त्याला बार फुसका निघायला हवा असतो.

पुरावा बघा. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममध्ये पोरांचा लाडका काँट्रा. जीव तीन, एका गोळीला एक गेला, आणि पडद्यावर सतत काहीतरी फुटतंय. १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर माइनस्वीपर आला आणि तो मोठ्या माणसांच्या टेबलावर जाऊन बसला. त्यात चौकटींखाली सुरुंग दडवलेले. एक जरी फुटला तरी तुम्ही हरलात. शेवटपर्यंत काहीच घडलं नाही तर जिंकलात. सरकारी नोकरीचं इतकं नेमकं चित्र आपल्या कादंबऱ्यांनाही जमलेलं नाही. मग २००९ मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल आलं. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांत तयार. वेळेत काढली नाही तर वाळायची, तेवढीच काय ती आपत्ती. बियाणं बोगस निघत नाही, पाऊस ओढ देत नाही, पंचनाम्यासाठी तलाठ्याला फोन लावावा लागत नाही. गावाकडचं सोयाबीन बटईनं देऊन पुण्यात फ्लॅटच्या हप्त्यात अडकलेल्या माणसाला असं रान आवडलं तर त्यात नवल काय? फुटायचं ते बाहेर रोज फुटतंच आहे. खेळात त्याला एखादं काम शेवटाला गेलेलं बघायचं असतं.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा म्हातारपणाचा बहाणा. बोटं चालेनाशी झाली की माणूस शांतताप्रिय होतो. त्यात तथ्य आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ साली स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या ३,३०५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चपळाईला उतार लागलेला दिसला तो चोविसाव्या वर्षापासून. आपल्याकडे त्या वयात पोरगं एमपीएससीच्या दुसऱ्या प्रयत्नाला बसलेलं असतं आणि आई म्हणत असते, अजून लहान आहे. पण त्याच अभ्यासात असंही आढळलं, की वय वाढलेले खेळाडू साधे, सोपे डाव वापरून ही तूट भरून काढतात. म्हणजे बोटं मंदावतात आणि डोकं हिशेब मांडू लागतं. कारागीर होतो तो असाच.

दुसरा आक्षेप जड आहे. मोठी माणसं मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत होती, ती कुठली सुरक्षितता? जुलै २०२५ मध्ये तर विधान परिषदेत रमी खेळत असल्याचा आरोप तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर झाला. आपण फक्त जाहिरात काढून टाकत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. इथे माझं म्हणणं थोडं लंगडं पडतं, हे कबूल. पण पैसे लावणारा स्वतःला खेळाडू समजतच नाही. जोडधंदा करतोय, अशी त्याची समजूत असते, आणि धंदा म्हटला की शहाणी माणसंही वात पेटवून हातात धरतात.

राहिली पबजी आणि तिची धाकटी बहीण बीजीएमआय. तिथे चाळिशीतलेही बंदुका घेऊन उतरतात, हे खरं. पण उतरून करतात काय ते पाहा. शंभर जणांच्या मैदानात पोरगं जिथे गोळीबार चालू तिथे धावतं. काका एखाद्या घराच्या न्हाणीघरात दार लावून बसतात आणि बाकीचे एकमेकांना मारून संपायची वाट बघतात. याला ते अनुभव म्हणतात. शेवटच्या दहात येतातही. अडचण एवढीच, की हा खेळ मध्येच थांबवता येत नाही आणि स्वयंपाकघरातून हाक येते, ‘‘अहो, तीन झाल्या, गॅस बंद करा!’’ काका मोबाईल उपडा टाकून उठतात. परत येईपर्यंत त्यांचा मुडदा पडलेला असतो. वरण मात्र करपलेलं नसतं.