खंबाटकीत मिसिंग

गणपतीला पुण्याहून चिपळूणला जाणाऱ्यांत दोन पंथ आहेत, ताम्हिणीवाले आणि कुंभार्लीवाले. काका कट्टर कुंभार्लीवाले. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग घाट उतरून थेट पोफळी, यापलीकडे कोकणात शिरायला वाट आहे हेच त्यांना मान्य नाही. गाडी त्यांची, पेट्रोलवरची, बरीच वापरलेली. स्टिअरिंगवर जावई. मागच्या सीटवर काकू, लेक आणि डिकीत न मावलेलं सगळं.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहिल्यावर स्टिअरिंग थरथरू लागलं. डिकीतलं पितळी तबक निरांजनावर आपटून किणकिण करायला लागलं. “अहो, घंटा कोण वाजवतंय?” काकूंनी विचारलं. रांग सरकली, जावयाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि घंटा थांबली. काकांनी निदान केलं, “पेट्रोल. त्या पंपावर भरू नका म्हटलं होतं.”

उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला १६०० ठोके. एक सिलिंडर संपावर गेला की त्यातले ४०० गायब. वेगात असताना फ्लायव्हीलच्या जोरावर हा खड्डा झाकला जातो. उभ्या गाडीत तो थेट बसणाऱ्याच्या पाठीला कळतो. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग मारते.

खंबाटकीच्या चढणीवर मात्र झाकाझाकी संपली. चढावर सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि प्लगच्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. हे व्होल्टेज पुरवणारी कॉइल आजारी असेल तर ती इथेच हात टेकते. गाडी गचके देऊ लागली, मागचा ट्रक हॉर्न देऊ लागला आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला.

हा दिवा नुसता लागून राहिला तर जपून गॅरेज गाठता येतं. लुकलुकला तर प्रकरण महाग पडण्याच्या बेतात असतं. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असल्या भारी धातूंचा मुलामा दिलेली आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. जावयाने हे सांगायला तोंड उघडलं, पण घाटात गाडी थांबवत नसतात, हे काकांचं म्हणणं त्या ट्रकच्या तोंडावर तरी बरोबर होतं. वेग कमी करून, दमादमाने माथा गाठला आणि उतार उतरून गाडी सुरूर फाट्याच्या चहाच्या टपरीशी लागली.

बॉनेट उघडल्यावर महाराष्ट्रात माणसं कुठून येतात हे कोडंच आहे. चहाचे ग्लास हातात घेऊन पाच-सहा तज्ज्ञ जमले. एकाने उंदरांवर संशय घेतला. बाकी सगळ्यांचं एकमत: २० टक्के इथेनॉल! काका खुलले, पेट्रोलवाल्या पक्षाला बहुमत मिळालं होतं. काकूंनी नारळ फोडायचा प्रस्ताव मांडला, पण नारळ डिकीत तळाशी होते.

जावयाने मग खिशातून काडेपेटीएवढा स्कॅनर काढला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला आणि मोबाइलवर कोड वाचला: पी ०३०३. तिसरा सिलिंडर. कुठलाही एक असा नसून सगळीकडेच गडबड असती, तर बहुधा पी ०३०० आला असता. पेट्रोल चारही सिलिंडरना एकाच टाकीतून जातं. ते खराब असतं तर तिसऱ्यावरच त्याचा राग का? जमावाला हे पटलं नाही. काका म्हणाले, “एकच बंद आहे ना? मग तीनवर जाऊ हळूहळू.”

फाट्यावरच्या गॅरेजमधला मिस्त्री आला. त्याने कोणाचंच ऐकलं नाही, हा त्याचा मोठा गुण. आधी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. हवा फक-फक करत मध्येच अडखळत होती. मग रेस वाढवून पाहिली. नुसती बाहेरची हवा कुठल्या फाटक्या पाइपातून आत शिरत असती तर रेस दिल्यावर थरथर बरीचशी निवली असती. इथे रेस दिल्यावरही इंजिन अडखळतच होतं. इंजिन बंद करून त्याने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवली आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसला, गाडी चालू केली, दोन मिनिटं गुरगुरू दिली.

नवा कोड आला, पी ०३०२.

“बघा!” काका ओरडले, “रोग पसरला!”

रोग पसरला नव्हता, सापडला होता. कॉइल जिथे गेली तिथे मिसिंग गेलं, म्हणजे दोषी कॉइलच. प्लग किंवा इंजेक्टर खराब असता तर मिसिंग तिसऱ्यावरच राहिलं असतं. एक पैशाचाही नवा पार्ट न घालता लागणारा हा निकाल. तरीही अनेक गॅरेजांत आधी चार प्लग, मग चार कॉइल, मग इंजेक्टर साफ, असा नैवेद्य दाखवला जातो.

मिस्त्रीने काढलेली कॉइल काकांच्या हातात ठेवली. तिचा रबरी बूट तेलाने फुगून मऊ झाला होता आणि त्यावर केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या रेघेवरून बाजूच्या धातूत पळत होती. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत इंजिन ऑइल साचलं होतं. ते वरून, टॅपेट कव्हरच्या जुन्या पॅकिंगमधून झिरपलेलं.

वाईहून कॉइल येईपर्यंत काकूंनी गावच्या वाटणीच्या चकल्या फोडल्या आणि इथेनॉलवाल्यांनाही दिल्या. मिस्त्रीने विहीर पुसली, नवी कॉइल बसवली. पॅकिंग चिपळूणला गेल्यावर, इंजिन थंड असताना बदला, असं बजावलं. काका अजून मोटारीच्या भोवती प्रदक्षिणा घालत होते, पेट्रोलचा वास घेत.

तुमच्या गाडीचं वय झालं असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला प्लगच्या विहिरीत तेल आहे का, एवढं मिस्त्रीला पाहायला सांगा. असलं तर आधी पॅकिंग बदलून घ्या, मग कॉइल.