ऐपतीचे निर्दोषत्व

सरकारी खाती वेळेवर काम करीत नाहीत, असा जो प्रवाद आपल्या लोकांत परंपरेने चालत आला आहे, तो तुरुंगखात्याच्या बाबतीत तरी सर्वस्वी अन्यायाचा होय. कारण अन्यत्र अर्जदाराची हयात सरल्यावर हुकूम निघतो, येथे मात्र निकालाच्या, किंबहुना खटला उभा राहण्याच्याही, कित्येक वर्षे आधी सजा माणसाच्या पदरात घातली जाते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची, आणि ज्यांचा अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा होता असे कच्चे कैदीच होते ४,३४,३०२. म्हणजे कायद्याने निर्दोष मानलेल्या मंडळींनीच बहुतेक बराकी व्यापल्या असून, रीतसर दोषी ठरलेल्यांना तेथे आगंतुकासारखे अंग चोरून राहावे लागते.

आता जामीन मिळतच नाही असे कोणी म्हणू नये. तो मिळतो, फक्त तो घेण्यासाठी जामीनदार लागतो, जामीनदाराला सातबारा लागतो, सातबाऱ्यामागून तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो, आणि ज्याचे बिऱ्हाडच पुलाखाली आहे त्याने या तीनही वस्तू आतून, गजांमागे बसून, जमवाव्यात एवढीच न्यायाची माफक अपेक्षा असते. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्यास दहा हजारांचा जामीन फर्मावण्यात आला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला असता, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या सबबीवर तो नाकारण्यात आला! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली व खालच्या न्यायासनाची चांगलीच कानउघाडणी केली. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून खटल्यात, आरोपातील कमाल शिक्षेहूनही अधिक काळ बिहारच्या तुरुंगांत नुसतेच खितपत पडलेले लोक सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आले. दोन्ही निकाल वकीलमंडळी आजही मोठ्या भक्तिभावाने उद्धृत करतात.

तथापि या खात्याची खरी करामत निराळीच आहे. भुरट्या चोरीच्या आरोपाखाली वर्षभर आत असलेल्या माणसाने आपण निर्दोष आहोत असा हट्ट धरला, तर त्याने पुढच्या तारखेची, साक्षीदाराची आणि पोलीस पार्टी उपलब्ध होण्याची वाट पाहावी. उलट त्याने गुन्हा कबूल केला, तर भोगलेली कैद सजेतून वजा होऊन तो बहुधा संध्याकाळपर्यंत घरी. बराकीतील अनुभवी मंडळी नवख्याला हाच सल्ला देतात, आणि शपथेवर सांगतो, कोणत्याही निष्णात वकिलाने याहून व्यवहार्य सल्ला दिला नसता.

सरकारही स्वस्थ बसलेले नाही. निम्मी कमाल सजा भोगलेल्या कच्च्या कैद्यास सोडावे, अशी तरतूद पूर्वीच झाली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने अधिक औदार्य दाखवून, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी ती मर्यादा एक-तृतीयांशावर आणली, अर्थात फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. आता घरी लवकर पोहोचावे म्हणून ज्याने न केलेली चोरी कबूल केली, तो दप्तरी कायमचा दोषी. पुढे त्याच चौकात पुन्हा एखादी सायकल गेली, की ठाण्याच्या नोंदवहीत पहिले नाव त्याचे, आणि ही एक-तृतीयांशाची सवलत सोडून बाकी सारे त्याला लागू.