महोदय, वजन तर खरं छापलंत!

बेस गिटारच्या हलक्या कॅबिनेटचं माहितीपत्रक लिहिणाऱ्या अनामिक महोदयांस,



आपल्या लेखणीला साष्टांग दंडवत. बारा इंची एकच स्पीकर, वजन नऊ किलो, ताकद ‘८०० वॅट’ आणि बेस ‘३५ हर्ट्झपर्यंत’! चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा. म्हणजे आपली पेटी वाद्याच्याही खाली उतरते. तिथे काय वाजवायचं, तेवढं सांगायचं राहिलं.

चष्मा पुसून पाहिल्यावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘उणे १० डेसिबल’ दिसलं. म्हणजे ३५ हर्ट्झवर आवाज इतका बसलेला, की तो बरोबरीला आणायला दहापट वॅट ओतावे लागतील. ओतले तर? स्पीकरच्या कोनमधून तेवढाच आवाज काढायचा असेल, तर सूर सप्तकभर खाली गेल्यावर कोनला चौपट हलावं लागतं. ८०० वॅट दूरच, त्याच्या कितीतरी आधी कोन फडफडू लागेल. ८०० हा स्पीकरची कॉइल किती उष्णता सोसते त्याचा आकडा, आवाजाचा नव्हे. आपण हे जाणता. गिऱ्हाईक जाणत नाही, म्हणून आपलं बरं चाललंय.

वजनाबद्दल तक्रार नाही. दहा इंची आठ स्पीकरांची अँपेग कंपनीची पेटी, जिला सगळे ‘फ्रिज’ म्हणतात, ती १९६९ साली मोठ्या स्टेजसाठी जन्मली. तिची एक प्रचलित आवृत्ती ६३ किलोंची आहे. कॅफेच्या कोपऱ्यात, कॉफी मशीनशेजारी ती कोण नेणार? पण गंमत बघा: त्या धुडाचा उत्पादक उणे ३ डेसिबलला ५८ हर्ट्झ छापतो. आठ स्पीकर, ६३ किलो, तरी ५८! बिचाऱ्याला आपल्यासारखा लेखक मिळाला नाही.

१९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले, पुढे क्लास-डी अँप रुळले आणि किलोच्या किलो उतरले. त्या संशोधकांचे उपकार आमच्या कंबरा विसरणार नाहीत. पण चुंबक हलका झाला म्हणून पेटीला लागणारी हवा कमी होत नाही. स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीतल्या हॉफमन यांचा नियम जुनाच आहे: लहान पेटी, खोल बेस, थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, यातलं कुठलंही दोन घ्या. आपण तिसरंही फुकट वाटता.

छोट्या गिगला लागतो तो सेन्सिटिव्हिटीचा आकडा: एक वॅट, एक मीटर, किती डेसिबल. तीन डेसिबल कमी पडले की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. नेमका तोच गाळलात. पातळ प्लायवूडला आतून आधाराच्या पट्ट्या आहेत की पेटीच सुरात कापते, तेही गुलदस्त्यात.

म्हणून आम्ही बारा-तेरा किलोंच्या दोन सारख्या पेट्या बघतो आहोत. कॅफेला एक पुरते. हळदीला किंवा संगीतला दोन, एकावर एक. वरची कानाजवळ येते, मग वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येतं आणि तो उगाच आवाज चढवत नाही. कार्यक्रमाच्या जागी चांगला पीए (ध्वनियंत्रणा) असेल तर खालचा बेस त्याच्यावर सोपवायचा.

पुढच्या छपाईत ‘उणे १०’ जरा ठळक करा. ३५ राहू द्या, शोभून दिसतो.

आपला,
एक बेसवादक

ता. क. पेटीचं कापडी कव्हर मात्र उत्तम आहे. त्याबद्दल पत्रकात एक ओळही नाही.