जरा सैल सोडा

मराठी माणूस गाठ मारतो ती कधीच सुटू नये म्हणून. लग्नातल्या उपरण्याच्या गाठीला हा बाणा शोभतो, नेटवर्कच्या रॅकमध्ये तो घात करतो.

आमच्या ऑफिसातला रॅक माझ्याकडे आहे, म्हणजे नेट बंद पडलं की सगळे माझ्याकडे बघतात. मागे नव्या केबली टाकायला वेंडरने एक पोरगा पाठवला. त्याने निळ्या कॅट-सिक्स केबलींची जुडी धरली आणि एसटीच्या टपावर वळकटी आवळावी तशी केबल टायने आवळली. प्रत्येक टाय पक्कडीने ओढून. म्हणाला, "सर, एकदम टाइट केलंय. आता काही हलणार नाही." खरंच हलेना. डेटासुद्धा.

या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. पीळ शोभेचा नाही. त्यामुळे बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. टाय गच्च बसला की जोड्या चेपतात, एकीचं गुपित दुसरीला ऐकू जातं, पॅकेटं गळतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. पोर्टवरचा दिवा मात्र हिरवागार! साहेब तोच दाखवून विचारतात, "लाइट तर आहे की हो?" वळणाचंही तेच. केबल तिच्या जाडीच्या चौपटीहून कमी त्रिज्येत वाकवू नये. कॅट-सिक्सला साधारण एक इंच धरा. आमच्या पोराने कोपऱ्यात तिला इस्त्रीची घडी घातली होती.

टायचा तरी काय दोष? त्याचा जन्म विमानासाठी झाला. थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगन यांनी बोईंगच्या कारखान्यात कामगारांना मेणाच्या दोऱ्याने वायरी बांधताना पाहिलं. बोटं सोलवटत होती. त्यातून टाय निघाला, १९५८ साली. तेव्हा बोटं वाचली, पण टायचं तिरकं कापलेलं टोक रॅकमागे हात घालणाऱ्याचं मनगट आजही ओरबाडतं. त्यापेक्षा व्हेल्क्रोची पट्टी बरी. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना ती सुचली कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून. हवी तेव्हा उघडा, केबल घाला, पुन्हा लावा. फक्त खरेदी विभागाला हे पटत नाही, कारण टायचं पाकीट स्वस्त पडतं.

जुडी जाड करण्याचाही मोह नको. कॅमेरे आणि फोन हल्ली नेटवर्कच्याच केबलीतून वीज खातात. जुडीच्या पोटातल्या केबलीची ऊब बाहेर पडत नाही आणि तापलेली केबल सिग्नल जास्त गिळते. चोवीसच्या वर एकत्र बांधू नयेत, असं जाणते सांगतात. विजेची वायर तर वेगळ्याच बाजूने न्यावी.

टॅगांबद्दल बोलू नये, पण बोलतो. आमच्या रॅकमध्ये केबलींवर "नवीन", "मेन" आणि "साहेब" अशी नावं आहेत. "नवीन" सर्वांत जुनी आहे. ज्या साहेबांची "साहेब" होती ते केव्हाच बदलून गेले. केबल कुठे जाते कुणालाच ठाऊक नाही, पण ती उपटायची हिंमतही कुणात नाही.

आणि दसरा! खंडेनवमीला रॅकला कुंकू लागतं, दसऱ्याला झेंडूचा हार पडतो आणि दुसऱ्या दिवशी पंखा पाकळ्या ओढत बसतो. रॅकमधल्या नेटवर्क स्विचला एका बाजूने गार हवा घ्यायची असते आणि दुसऱ्या बाजूने गरम सोडायची असते. केबलींचा पडदा असो की झेंडूचा, स्विच गुदमरणारच.

तेव्हा मंडळी, पट्टीखाली बोट सरकेल एवढंच बांधा, टॅग दोन्ही टोकांना लावा, आणि हार घालायचाच असेल तर सर्व्हर रूमच्या बाहेरच्या कडीला घाला.