तीन कॉलमी मामा

उज्जैनच्या मराठी घरांत असा एक मामा असतोच. शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला नेली, हे त्याला अजून पटलेलं नसतं. निवृत्तीनंतर तो भैरवगढच्या बाटिक चादरी बाहेरगावी पाठवायचा धंदा काढतो, त्याला ‘कंपनी’ म्हणतो आणि वेबसाइट करायला पुण्याच्या भाच्याला बोलावून घेतो. तो भाचा मी.

मजकूर नव्हता, फोटो नव्हते. मामांना आधी कॉलम ठरवायचे होते.

“एकच कॉलम? किराण्याची यादी आहे का? पेपरला आठ असतात!”

आठ करून दाखवले. ‘वस्त्रोद्योग’ शब्दाचे तीन तुकडे पडले, तेव्हा कुठे तिनावर तडजोड झाली. उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यासाठी चौथा मागतच होते. मी जेवायला उठलो.

‘संचालक मंडळ’ पानावर पहिल्या कॉलमात मामा, दुसऱ्यात मामी. तिसरा रिकामा राहतो म्हटल्यावर त्यांनी काळभैरवाचा फोटो दिला. “इथला कारभार त्याचाच.”

“त्याच्या दारूच्या नैवेद्याचं तेवढं वार्षिक अहवालात नको,” मामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग मामांनी पडद्याला फूटपट्टी लावली. ‘परंपरा’ अकरा ओळी, ‘गुणवत्ता’ चार, ‘ग्राहकसेवा’ एक. तळ जुळेना. जुळावा म्हणून ग्राहकसेवा दहा ओळींनी वाढवण्यात आली, कागदावर.

कारखान्यात कारागीर वितळलेल्या मेणात कलम बुडवून थेट कापडावर वेल काढत होता, पट्टीबिट्टी काही नाही. मेण असतं तिथे रंग चढत नाही. पण मेणाला तडे जातात, त्यांतून रंग झिरपतो आणि बारीक शिरा उमटतात. त्या शिरांसाठीच गिऱ्हाईक पैसे मोजतं. मी लॅपटॉप दाखवला. त्याचं म्हणणं, साडीचं अंग मोठं असतं, काठ बारीक, पदर भरलेला. सारखे तीन पट्टे तर सतरंजीला असतात.

“ते कापड झालं,” मामा म्हणाले. “ही कॉर्पोरेट वेबसाइट आहे.”

रात्री उद्घाटन झालं, मामीच्या फोनवर. फोनच्या अरुंद पडद्यावर तिन्ही कॉलम एकाखाली एक आले. मामी एका हाताने वरण ढवळत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान वर सरकवत राहिली. ऑर्डरचा नंबर तिसऱ्या कॉलमाच्या तळाशी होता. वरण उतू गेलं, तेव्हा ती दुसऱ्यात होती.