रात्रपाळीचा ब्राउझर

रात्री अडीच वाजता कांद्याचे भाव बघायला उठणारा माणूस सहसा सापडत नाही. ज्याचा कांदा आहे तोही त्या वेळी झोपलेला असतो. म्हणून ते काम स्क्रिप्टकडे येतं. ती ठरल्या वेळी उठते, क्रोम उघडते, बाजार समितीचं नाव निवडते, तारीख टाकते, तक्ता उचलते आणि पुढच्या समितीकडे वळते. हे सगळं बिनपडद्याचं चालतं. कुठल्यातरी सर्व्हरवर एक ब्राउझर अंधारात पानं उघडत असतो, मिटत असतो, आणि ती कुणी वाचत नसतं. सकाळी चहाचा कप घेऊन आपण लॉग उघडावा, तर लासलगाव झालेलं असतं, पिंपळगाव झालेलं असतं, आणि मनमाडला साहेब वारलेले असतात.

कशाने वारले, हे शोधायचे आम्हाला पैसे मिळतात.

लॉगमध्ये कारण लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण उपयोगाचंही क्वचितच असतं. मरताना गडी कुठे उभा होता, एवढंच त्यातून कळतं. ‘इनव्हॅलिड सेशन आयडी’ हा त्यातला नेहमीचा मजकूर. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा, की ब्राउझर केव्हाच गेलाय आणि स्क्रिप्ट अजून त्याला ‘हं, आता पुढचं पान’ म्हणून हुकूम सोडतेय. या कारभारात तीन पक्ष असतात. स्क्रिप्ट ड्रायव्हरला सांगते, ड्रायव्हर ब्राउझरला सांगतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. तिघांतला एक गेला की उरलेले दोघे जबानी देतात, आणि त्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत. नवशिका लॉगची शेवटची ओळ वाचून कामाला लागतो. मुरलेला माणूस तिथून वर सरकत जातो, पहिली वाकडी ओळ सापडेपर्यंत.

ब्राउझर हाकणाऱ्या या अवजाराचं मूळ मोठं गमतीचं आहे. २००४ साली शिकागोला थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांच्याकडे एक अंतर्गत प्रणाली तपासायचं काम होतं, कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास आणि खर्चाची बिलं भरण्याची. दर वेळी हाताने क्लिक करण्यापेक्षा ब्राउझरलाच ते करायला लावावं, म्हणून त्यांनी साधन लिहिलं. तेव्हा मर्क्युरी नावाची प्रतिस्पर्धी कंपनी याच क्षेत्रात होती. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, अशी चेष्टा झाली आणि नाव चिकटलं ते कायमचं. पुढे २०१८ मध्ये ब्राउझरला असं दुरून हाकण्याची पद्धत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने अधिकृत मानक म्हणून मान्य केली. खर्चाच्या बिलांतून जन्मलेलं हे घराणं, त्यामुळे किरकोळ विसंगतीवरून अख्खा अर्ज परत पाठवण्याचा त्याचा स्वभाव मला समजू शकतो.

लॉगमधली सर्वांत प्रामाणिक तक्रार म्हणजे ‘सेशन नॉट क्रिएटेड’. क्रोमने २०२१ पासून दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. ड्रायव्हर त्याच आवृत्तीचा लागतो. क्रोमने परस्पर नवे कपडे चढवले आणि ड्रायव्हर जुन्यातच राहिला, की सकाळी बोलचाल बंद. २०२३ च्या जुलैत क्रोम ११५ आला आणि ड्रायव्हर मिळण्याचा पत्ताच बदलला. जुन्या पत्त्यावर जाणारी साधनं इमानेइतबारे ११४ घेऊन येत राहिली, आणि हा ड्रायव्हर फक्त ११४ साठी आहे, ही ओळ त्या महिन्यात आमच्यासारख्या पुष्कळांना तोंडपाठ झाली. तरी मी या तक्रारीला नावं ठेवणार नाही. काय जुळत नाही ते ती आकड्यांसकट सांगते. सरकारी पत्रातसुद्धा इतकं मिळत नाही.

उलट, ‘डेव्हटूल्स-ॲक्टिव्ह-पोर्ट नावाची फाइल अस्तित्वात नाही’ ही तक्रार पाहा. वाचणारा बिचारा फाइल शोधत सुटतो. नसेल तर बनवून ठेवू, इथपर्यंत काहींची मजल जाते. पण ती फाइल क्रोम स्वतः चालू झाल्यावर लिहितो. फाइल नाही, कारण क्रोमच उठलेला नाही. तो का उठला नाही? कदाचित त्याला रूट म्हणून, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी म्हणून चालवायला सांगितलंय आणि सुरक्षेचं कुंपण असताना तसं चालायला तो तयार नाही. कदाचित परवा मेलेल्या क्रोमने प्रोफाइलवर लावलेलं कुलूप तसंच राहिलंय. तक्रार मात्र फाइलची.

मग सुरू होतात तोडगे. प्रत्येकाच्या स्क्रिप्टच्या वरच्या भागात डझनभर फ्लॅग असतात, आधीच्या माणसाकडून आलेले, त्याला त्याच्या आधीच्याने दिलेले. ‘नो-सँडबॉक्स’ त्यात असतोच. तो घातला की रूट असतानाही क्रोम उठतो हे खरं, पण वाईट पानापासून मशीन वाचवणारं कुंपण त्यानेच काढून टाकलेलं असतं. साधा वापरकर्ता करून क्रोम त्याच्या नावाने चालवणं हे सरळ उत्तर आहे. त्याला पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून ते कुणी करत नाही.

मनमाडच्या मृत्यूचंही पुष्कळदा असंच असतं. ज्याच्या त्याच्या मनात मनमाडच्या पानाबद्दल अढी बसते. खरी गोष्ट अशी, की डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर ब्राउझरला दिलेल्या बंदिस्त कप्प्यात, शेअर्ड मेमरीसाठी मुळात ६४ एमबी जागा ठेवलेली असते. क्रोमला ती खोली म्हणजे अडगळीचा पोटमाळा. जाहिराती आणि नकाशे घेऊन आलेली पहिली दोन पानं ती जागा भरून टाकतात, आणि तिसऱ्या पानावर टॅब कोसळतो. ती मर्यादा वाढवली की मनमाडची बदनामी थांबते.

मेलेल्यांचा आणखी एक प्रकार आहे, न जाणाऱ्यांचा. लिनक्समध्ये एखादी प्रक्रिया संपली की तिचा निकाल तिच्या जनक प्रक्रियेने विचारून घ्यायचा असतो. जनकच आधी गेला तर ही जबाबदारी सहसा पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेवर येते. कंटेनरमध्ये त्या गादीवर बरेचदा आपली स्क्रिप्टच बसलेली असते, आणि तिला हे क्रियाकर्म ठाऊक नसतं. मग मेलेले क्रोम यादीत लटकत राहतात. पिंड मांडलाय आणि कावळा काही शिवत नाही. आठवड्याने यादी पाहिली तर शेकडो क्रोम, आणि नव्याला जन्म घ्यायला जागा नाही. डॉकरला सुरुवातीलाच ‘इनिट’ असं सांगितलं की तो एक छोटासा कार्यकर्ता पहिल्या जागेवर बसवतो, ज्याला एवढंच काम असतं. घाटावर शेवटी दर्भाचा कावळा करतात, त्यातलाच प्रकार.

वाट पाहण्याबद्दल तर मानकानेच मजा करून ठेवली आहे. काही सांगितलं नाही, तर अख्खं पान उतरायला ब्राउझर ३०० सेकंद थांबतो. पानातली एखादी गोष्ट सापडायला मात्र शून्य सेकंद. आता भावाचा तक्ता पानाबरोबर येतच नाही, तो मागाहून जावास्क्रिप्टच्या पाठीवर बसून येतो. पाच मिनिटं फाटकाशी तिष्ठत बसणारा माणूस, दारात आल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत ‘घरात कुणी नाही’ म्हणून परत फिरतो. यावर लोक ‘स्लीप’ घालतात. आधी दोन सेकंद, मग पाच.

“सर, स्लीप दहा केला. आता चालतंय,” आमच्याकडचा नवा मुलगा सांगत होता.

“कशामुळे चालतंय?”

“ते नाही माहीत. पण चालतंय ना.”

तक्त्याची पहिली ओळ दिसेपर्यंत थांब, असं स्क्रिप्टला सांगता येतं, हे त्याला दाखवलं. त्याने ते घातलं. स्लीपही ठेवला, असू दे म्हणून.

आणि समोरच्या संकेतस्थळाचंही काही म्हणणं असतं, हे आपण विसरतो. कुठे जावं न जावं हे यंत्रांना सांगणारी रोबोट्स-टेक्स्टची फाइल मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. तिला रीतसर मानकाचं रूप मिळायला २०२२ उजाडलं. मधली अठ्ठावीस वर्षं ती निव्वळ भिडेवर चालली. सर्व्हर दमला की ४२९ हा आकडा पाठवतो, आणि कधी कधी किती सेकंदांनी परत या तेही त्यासोबत लिहितो. ते वाचायचं सोडून माणसं ब्राउझरला वेषांतर शिकवायला बसतात. खरं तर ब्राउझर हाकण्याचं मानक म्हणतं, की यंत्राच्या ताब्यात असलेल्या ब्राउझरने, पानाने विचारलं तर, होय म्हणावं. मला ही अट आवडते. रात्री अडीचला एका सेकंदात चार बाजार समित्या फिरणाऱ्याने आपण हौशी वाचक आहोत असं भासवण्यात काय अर्थ आहे? सावकाश जावं, आणि दार बंदच असेल तर दिवसा पत्र लिहून माहिती मागावी.

हे सगळे मृत्यू परवडले, कारण ते दिसतात. खरी भीती यशाची. पान आलं, सर्व्हरचा ‘सगळं ठीक’ सांगणारा २०० हा आकडा आला, ब्राउझर ठणठणीत, स्क्रिप्ट आनंदात घरी गेली. आणि आलेल्या पानावर लिहिलेलं असतं, आपण माणूस असल्याचं सिद्ध करा. ते मुकाट्याने भावाच्या रकान्यात जाऊन बसतं. म्हणून मी आता शेवटी एक पहारेकरी ओळ ठेवतो: रकान्यात आकडा आहे का, आणि तो कालच्याच्या आसपास आहे का.

मागे ती ओळ एका सकाळी ओरडली. सगळे रकाने रिकामे. आम्ही ड्रायव्हर पाहिला, मेमरी पाहिली, मेलेले क्रोम मोजले, मुलाने स्लीप पंधरा केला. दुपारी जेवताना कुणीतरी नाशिकचं वर्तमानपत्र पुढे सरकवलं. आदल्या दिवशी लिलावच बंद होते. पहिल्या पानावर होतं, फोटोसकट.